फॅट किती लागलं?

डेअरीची गाडी सातला येते, बर्फ असो वा नसो.
कॅन चढवताना यालमारी आधी विचारतो,
गेल्या आठवड्याला फॅट किती लागलं?
चार पॉइंट सहा, असं ऐकलं
की दिवसभर शीळ घालत फिरतो,
जणू मान्सिक्की गायीनं नव्हे, त्यानंच दूध दिलंय.

मार्चमध्ये गावच्या शाळेत नर्स केर्ट्टू आली,
सुया, बाटल्या आणि गार हात घेऊन.
मुलांच्या बुटक्या बाकांवर बसले आमचे लाकूडतोडे,
अस्वलांएवढे, बाह्या सरसावून, सुईला भ्यालेले.
दोन आठवड्यांनी चिठ्ठी आली.
तीनशे अठ्ठावीस.
यालमारी म्हणाला, कुणाच्या गायीचं?

मी हसले नाही.
त्याचा थोरला भाऊ ऐनो
बेचाळिसाव्या वर्षी सरपण रचता रचता खाली बसला,
कुऱ्हाड ओंडक्यात तशीच उभी.
आमच्या रस्त्यावर अकरा घरं,
त्यांतल्या सहांत चुलीपाशी एकटी बाई.
कारेलियात आम्ही त्याला थंडी म्हणायचो,
कष्ट म्हणायचो, देवाची मर्जी म्हणायचो.
लोणी कुणी म्हटलं नव्हतं.

लढाईच्या वर्षांत सासू
काळ्या भाकरीवर सुरीचं पातं नुसतं टेकवायची
आणि लागलेलं पुन्हा खरवडून घ्यायची.
ज्या दिवशी बोटभर जाड थर लावला
त्या दिवशी आमच्या घरात लढाई संपली.
आता तीच भाकरी कोरडी पुढे ठेवायची
म्हणजे नवऱ्याला पुन्हा गरीब करायचं.

पहिल्या आठवड्यात त्यानं उकडलेल्या बटाट्यांकडे असं पाहिलं
की जणू ते कुणाच्या मयताला आलेत.
सूपमध्ये डुकराच्या चरबीऐवजी सलगम, गाजर, जव.
कॉफीवर साय नाही.
हे गुरांचं खाणं, तो म्हणाला.
मी म्हटलं, गुरं बघ कशी ठणठणीत आहेत.

मग तो शहाण्यासारखा जेवू लागला.
जरा जास्तच शहाण्यासारखा.
नको मला, सवय मोडली, असं म्हणायचा.
शनिवारी सौना तापवला, आत गेले,
तर बर्चच्या डहाळ्यांमागे कोनाड्यात
एक पत्र्याचा डबा, त्यात सुरी,
आणि सगळं वितळून फळीवरून ओघळतंय.
लोणकढी थाप नुसती ऐकून होते.
त्या दिवशी कढताना पाहिली.

भांडले नाही. फळी घासली
आणि बाहेर पायरीवर बसून रडले.
लोण्यापायी नाही.
ऐनो असाच तंबाखू लपवायचा.
यालमारी येऊन शेजारी बसला,
बराच वेळ गोठलेल्या तळ्याकडे बघत राहिला.
आमच्याकडे माफी अशीच मागतात.
दुसऱ्या दिवशी त्या डब्यात त्यानं खिळे भरले.

तेव्हापासून टपाल आणायला तो पायी जातो,
जाऊन येऊन चार किलोमीटर, पत्र नसलं तरी.
रविवारी तर टपाल येतच नाही,
तरी जातो, पेटी उघडून बघतो.
ऑगस्टात रानातली लाल आंबट बेरी
बादल्यांनी वेचून आणली, तोंड वाकडं करत खाल्ली.
पलीकडची ऐली एकदा आली, सूप कसं करतेस विचारायला.
तिचा नवरा गेलाय,
पण दोन मुलगे आहेत.

वर्षानं केर्ट्टूनं पुन्हा सुई टोचली.
दोनशे एकाहत्तर.
अजून जास्तच आहे, ती म्हणाली, पण उतरतंय.
घरी येताना यालमारीनं शीळ घातली
आणि पुलापाशी मध्येच थांबवली.

सातला गाडी येतेच ना.
पैसे अजून फॅटवरच मिळतात,
त्यातूनच त्याचे नवे बूट आले, चालायचे.
आणि कुठल्याशा शहरात, कुठल्याशा स्वयंपाकघरात
कुणीतरी बोटभर जाड थर लावत असेल
आमच्या मान्सिक्कीचा.

काल रात्री अंधारात त्यानं विचारलं,
सैमी, आपण नेमकं विकतो काय?
मी बराच वेळ त्याच्या छातीवर हात ठेवून पडले होते.
झोप आता, म्हटलं.
पहाटे दूध काढायचंय.